‘मामा तलाव’ : एका नावाचा व एका व्यवस्थेचा इतिहास

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांतील सरकारी कागदपत्रांत ‘मामा तलाव’ हा शब्द पदोपदी आढळतो. परगावच्या पाहुण्यास प्रथम वाटते, की कोणा उदार मामाने भाच्यास आंदण दिलेला हा तलाव असावा. आमच्या शाळेतील एका विद्यार्थ्याने तर उत्तरपत्रिकेत तसे स्वच्छ लिहून ठेवले होते, आणि त्यास गुण द्यावे की न द्यावे या विचारात आम्ही क्षणभर पडलो होतो. ‘माजी मालगुजारी तलाव’ या तीन शब्दांपैकी पहिल्या दोहोंची आद्याक्षरे घेऊन कचेरीतील कोणा कारकुनाने हे लघुरूप केले, आणि आता ते इतके रूढ झाले आहे की वृत्तपत्रे, मंत्रिमहोदय व गावातील म्हातारी माणसेही तेच बोलतात. प्रस्तुत लेखात आम्हांस या नावाचीच चौकशी करावयाची आहे. कारण नाव चुकीचे पडले की मागचा इतिहास झाकला जातो, आणि इतिहास झाकला गेला की वस्तूची काळजी कोणी घ्यावयाची हेही विसरले जाते. आमच्या तलावांच्या बाबतीत नेमके हेच घडले आहे.

प्रथम ‘मालगुजारी’ हा शब्द पाहू. नागपूरचे तिसरे रघूजी भोसले १८५३ साली निवर्तले आणि पुढील वर्षी त्यांचे राज्य इंग्रजांनी खालसा केले. त्यापूर्वी गावचा पाटील हा सरकारसाठी वसूल गोळा करणारा होता. जमिनीचा कायदेशीर धनी तो नव्हता. इंग्रजांनी १८६० नंतरच्या दशकात जी जमाबंदी केली, तीत या पाटलांस व मक्तेदारांस गावाची मालकी बहाल केली. ‘मालगुजार’ हा मालक म्हणून उदयास आला तो तेव्हा. म्हणजे मालगुजारीचे आयुष्य जेमतेम नव्वद वर्षांचे. तलाव मात्र त्याहून पुष्कळ जुने आहेत. नवेगाव बांधाचा जलाशय जुन्या जिल्हा गॅझेटियराप्रमाणे अठराव्या शतकाच्या आरंभी बांधला गेला. अर्थात ज्या वस्तूच्या जन्माच्या वेळी मालगुजार नव्हता आणि जी मालगुजार गेल्यावरही उरली, तिला त्याचे नाव चिकटावे ही इतिहासाची थट्टाच म्हणावयाची.

मग हे तलाव बांधले कोणी? रसेल व रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातील जातिजमातींवर चार खंडांचा जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात आपल्या कोहळी समाजावर स्वतंत्र प्रकरण आहे. वैनगंगेच्या खोऱ्यातील प्रसिद्ध तलावांचे निर्माते अशीच आपली ओळख त्यांनी आरंभी करून दिली आहे. १९११ च्या शिरगणतीत आपली संख्या सुमारे २६ हजार होती. एवढ्या लहानशा समाजाने एवढे मोठे काम केले, याचा अभिमान आपल्या प्रत्येक संमेलनात व्यक्त होतो आणि तो सार्थ आहे. मात्र त्याच ग्रंथात दिलेली आपली मूळकथा जरा जपून वाचावी लागते. चांद्याचा गोंड राजा काशीयात्रेस गेला असता तेथील कुशल शेतकरी पाहून त्याने त्यांस आपल्या राज्यात आणले, तेच आपण, अशी ती कथा. भंडाऱ्याकडील मंडळी आपले पहिले ठाणे लांजी येथे सांगत. लांजी आता मध्यप्रदेशातील बालाघाट जिल्ह्यात आहे. काशीचे नाव आले की कोणासही बरे वाटते. तथापि कथेस कागदाचा आधार नाही, आणि आपली भाषा, आपली आडनावे व आपले देव पाहता आपण या मातीत फार पूर्वीच मुरलेलो आहोत हे उघड दिसते. कथेतील एक गोष्ट मात्र आम्हांस खरी वाटते. गोंड राजास जंगलापलीकडे शेती वाढवावयाची होती, आणि ती पाण्यावाचून वाढणार नाही हे त्याने जाणले होते.

चांद्याच्या हिरशहाविषयी परंपरेने सांगितले जाते, की जो तलाव बांधील त्याला त्या तलावाखाली भिजणारी जमीन मिळेल असा त्याने नियम घातला. वाचकांनी या नियमाचा थोडा विचार करावा. राजाने खजिन्यातून तलाव बांधविले नाहीत. त्याने बांधणाऱ्यास जमीन दिली, तीही पाणी पोहोचेल तेवढीच. तलाव फुटला तर जमीन कोरडी, आणि गाळाने भरला तरी जमीन कोरडी. म्हणजे तलाव राखणे हेच बांधणाऱ्याच्या हिताचे झाले. आजकाल ‘विकास की पर्यावरण’ असा वाद परिसंवादांतून घातला जातो. त्या वादाचा हा एक जुना निकाल होता, इतकेच आम्ही येथे नोंदवितो.

नवेगाव बांधाचे श्रेय कोलू पाटील कोहळी यास दिले जाते. डोंगरांच्या वेढ्यातील खिंडी मातीच्या पाळींनी बुजवून त्याने हा जलाशय निर्माण केला. जुन्या गॅझेटियराने त्याचा घेर सतरा मैल दिला आहे. भोवतीच्या सात शिखरांस सातबहिणी म्हणतात व पाळ बांधताना त्यांनी साहाय्य केले अशी कथा आहे. पुढे कोलू पाटलाचाच कोलासुर देव झाला. तलाव बांधणाऱ्या माणसास लोकांनी देवपण दिले, याहून मोठा सन्मान कोणता? सिवनी व सिरेगाव येथील बांधही याच परंपरेतील. १९११ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या एका इंग्रजी ज्ञानकोशात एकट्या भंडारा जिल्ह्यात साडेतीन हजारांहून अधिक लहानमोठे तलाव असल्याचे नमूद असून, या भागास नागपूरचा तलावांचा प्रदेश म्हटले आहे.

आता थोडे रचनेविषयी. आमच्या शिक्षकी पेशात आम्ही ही आकृती फळ्यावर किती वेळा काढली असेल याची गणती नाही. आमच्या भागात वर्षाकाठी पन्नास इंचांच्या आसपास पाऊस पडतो, पण तो पडतो चार महिन्यांत आणि तोही लहरीने. भारी धानास आश्विनात पाण्याची निकड असते आणि नेमका त्याच वेळी पाऊस दगा देतो. तेव्हा आषाढ-श्रावणाचे पाणी आश्विनापर्यंत थोपवून धरणे हा सर्व खटाटोपाचा हेतू. कोहळी माणूस जागा हेरी ती दोन टेकड्या जवळ येतात अशी. मधली पाळ आखूड, आणि मागे पाण्यास पसरावयास जागा भरपूर. पाळ मातीची, पाण्याकडील अंगास दगडांची. जादा पाणी वाहून जाण्यास एका टोकास सांडवा. सांडव्याचे पाणी वाया जाऊ द्यावयाचे नाही, ते खालच्या तलावात घ्यावयाचे, त्याचे त्याखालच्या बोडीत. अशा तलावांच्या माळाच्या माळा आमच्या भागात आहेत. शेतास पाणी सोडण्याची वाट म्हणजे तुडुम. त्याची भोके निरनिराळ्या पातळीवर असून ती लाकडी बुचांनी बंद करीत. वरचे भोक प्रथम उघडावयाचे, पाणी उतरेल तसे खालचे. सर्वांत खालच्या भोकाच्याही खाली जे पाणी उरे, ते शेताचे नव्हतेच. ते गुरांचे, माशांचे व विहिरींच्या झऱ्यांचे. यंत्र न वापरता, लेखी हुकूम न काढता तलावाच्या तळाचे पाणी राखून ठेवण्याची ही युक्ती आम्हांस फार मोलाची वाटते.

पाण्याची वाटणी करण्यास गावाने नेमलेला पाणकर असे. कोणाच्या बांधीस कोणत्या क्रमाने व किती वेळ पाणी, हे तो ठरवी आणि त्याचा मोबदला धानाच्या रूपाने मिळे. उन्हाळ्यात तलाव आटला की शेतकरी गाड्या जुंपून गाळ नेत. शेतास खत मिळे, तलाव खोल होई, आणि दोहोंसाठी कोणास पैसा मोजावा लागत नसे. वरच्या अंगाचे जंगल राखले जाई, कारण ते तुटले की माती सुटून तलावात उतरते हे आडाणी गुराख्यासही ठाऊक होते.

या पाण्यावर धान तर पिकेच, पण आपल्या समाजाचे खरे लाडके पीक ऊस. गुऱ्हाळे चालत व गूळ दूरच्या बाजारी जाई. आणि तलावाचे उत्पन्न येथेच संपत नसे. मरळ, मांगूर, झिंगे ही ढिवर बांधवांची उपजीविका. शिंगाड्याचे वेल तेच लावीत. कमळाचे ढेस भाजीस होत. काठच्या उथळ पाण्यात आपोआप उगवणारे देवधान उपासाच्या दिवशी गरिबाघरी शिजे, आणि त्याच देवधानात सारस पक्षी घरटे घालीत. एका पाळीमागे इतक्या जीवांची सोय होती.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे लिहावयास हवी. समाजाच्या विशेषांकात ती काहींना रुचणार नाही, पण इतिहास लिहावयाचा तर ती टाळता येत नाही. तलावाची जागा आपण हेरली व आखणी आपली, हे खरे. पण माती वाहिली कोणी? गोंडांनी वाहिली, ढिवरांनी वाहिली, महारांनी वाहिली, आणि आपल्यातील निर्धन कुळांनीही वाहिली. इंग्रजी अमलात मालकी हाती आल्यानंतर तर अनेक गावी तलावाची दुरुस्ती वेठीने करवून घेतली जाई. कोणा मालगुजाराने दुष्काळात कोठार उघडले असेल, तसेच कोणी पाण्याच्या पाळीवरून कुळास नाडलेही असेल. १८९६-९७ व १८९९-१९०० च्या दुष्काळांत ज्या गावांचे तलाव धड होते त्यांनी तग धरला, हे मालगुजाराच्या पुण्याईने नव्हे तर पाळीच्या मजबुतीने. तेव्हा मालगुजारी गेली याचे दुःख आम्ही करीत नाही व वाचकांनीही करू नये.

ती गेली कशी, हे मात्र पाहण्याजोगे आहे. त्या वेळी भंडारा व चांदा जिल्हे मध्यप्रदेशात होते. त्या राज्याने १९५० साली मालकी हक्कांच्या निर्मूलनाचा कायदा केला आणि ३१ मार्च १९५१ पासून गावातील जंगल, पडीत, तलाव हे सर्व सरकारजमा झाले. कायदा येणार ही चाहूल आधीच लागलेली होती. त्या मधल्या काळात पुष्कळ मालगुजारांनी आपल्या ताब्यातील जंगले ठेकेदारांस विकून उभीच्या उभी तोडविली. यांत आपलेही लोक होते. ज्या टेकड्यांवरील झाडांनी तलावाची माती दोनशे वर्षे धरून ठेवली, त्या दोनतीन हंगामांत बोडक्या झाल्या. पुढे तलाव गाळाने भरले त्याचा सर्व दोष सरकारी खात्यांवर टाकणे ही आपल्याकडील सभांतून नित्य आढळणारी रीत आहे. तीत अर्धे सत्य आहे. दुसऱ्या अर्ध्यास १९५१ पूर्वीची कुऱ्हाड कारण आहे.

सरकारने तलाव घेतले, पण व्यवस्था घेतली नाही. १९५६ साली आपण मुंबई राज्यात आलो, १९६० साली महाराष्ट्रात, १९६२ साली जिल्हा परिषदा स्थापन झाल्या. लहान तलाव त्यांच्याकडे गेले, मोठे पाटबंधारे खात्याकडे राहिले. तलावाची पाळ एका खात्याकडे, मासळीचा ठेका दुसऱ्याकडे, भोवतीचे जंगल तिसऱ्याकडे आणि सातबारा तलाठ्याकडे. पाणकर कोणाच्याच आस्थापनेत बसेना. हक्कनोंदीप्रमाणे ज्यांच्या जमिनीस पाणी विनामूल्य मिळावयाचे, त्यांनी पाणीपट्टी का भरावी, हा वाद दीर्घकाळ चालला. पट्टी नाही म्हणून दुरुस्ती नाही, आणि दुरुस्ती नाही म्हणून पट्टी नाही, असे ते चक्र होते. गावकऱ्यांसही वाटू लागले, की तलाव सरकारचा, मग गाळ आम्ही का काढावा?

दरम्यान मोठ्या धरणांचे युग आले. गाढवी नदीवरील इटियाडोह धरण १९७० साली पूर्ण झाले. वैनगंगेवरील गोसीखुर्दची पायाभरणी १९८८ साली राजीव गांधी यांच्या हस्ते झाली. या धरणांनी पुष्कळ जमीन भिजविली हे आम्ही नाकारीत नाही. इटियाडोहाच्या नहरावरील समृद्धी आम्ही डोळ्यांनी पाहिली आहे. पण पैसा, अभियंते व लक्ष सर्व तिकडे गेले, आणि नहराच्या टोकास जेथे पाणी पोहोचत नाही अशा गावांचे जुने तलाव मात्र तसेच झिजत राहिले. आज पूर्व विदर्भात साडेसहा हजारांहून अधिक माजी मालगुजारी तलाव कागदोपत्री आहेत. त्यांतील कित्येकांत उन्हाळ्याच्या तोंडी गुडघाभरही पाणी नसते.

गाळाबरोबर आणखी दोन शत्रू आले. एक बेशरम. फुले दिसावयास बरी, पण गुरे तोंड लावीत नाहीत आणि तोडली तरी पुन्हा फुटते. या वनस्पतीने तलावांचे काठ असे व्यापले, की देवधानास व पाणवनस्पतींस जागा उरली नाही. दुसरा शत्रू घाईच्या उत्पन्नाचा. मासळीचे उत्पन्न वाढावे म्हणून सहकारी संस्थांस बाहेरचे बीज देण्यात आले. रोहू, कटला, मृगळ यांनी ढिवरांच्या हाती चार पैसे दिले, हे खरे. पण त्यांबरोबर कोठे कोठे ग्रास कार्पसारखे मासेही आले. त्यांनी पाण्यातील गवत फस्त केले, आणि त्या गवतात अंडी घालणारे देशी मासे कमी झाले. वरून उन्हाळी धानासाठी विजेचे पंप बसले. तुडुमाच्या सर्वांत खालच्या भोकाखालचे जे पाणी पूर्वी कोणाचेच नव्हते, ते पंपाने उपसले जाऊ लागले. सारसांची गत पाहा. महाराष्ट्रात हा पक्षी आता मुख्यत्वे गोंदिया जिल्ह्यात व लगतच्या भागात उरला असून अलीकडच्या गणनांत त्यांची संख्या चाळिसाच्या आतच भरते.

नवेगावचे भाग्य त्यातल्या त्यात बरे. १९७५ साली तेथे राष्ट्रीय उद्यान झाले आणि २०१३ साली नवेगाव-नागझिरा व्याघ्रप्रकल्प. मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून तेथे राहिले व ‘नवेगाव बांधचे दिवस’ लिहून त्यांनी हा जलाशय सर्व महाराष्ट्रास दाखविला. त्यांच्या लेखनातून माधवराव पाटील डोंगरवार यांचे पाखरांविषयीचे ज्ञानही वाचकांस परिचित झाले. चितमपल्ली २०२५ साली निवर्तले. पण सर्वच तलावांभोवती उद्यान करता येत नाही, आणि करूही नये. ज्या तलावावर चारशे एकर धान व चाळीस घरांची मासळी अवलंबून आहे त्यास कुंपण घालून तो जगणार नाही. तो वापरानेच जगला होता.

हे ओळखून भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने मनीष राजनकर यांच्या पुढाकाराने जे काम चालविले आहे त्याचा उल्लेख आम्ही आवर्जून करतो. ढिवर समाजातील वृद्धांस विचारून कोणता मासा कोणत्या गवतात राहतो याची नोंद करावयाची, बेशरम मुळासकट खणावयाची, उन्हाळ्यात तलावाची उथळ बाजू नांगरून तेथे देशी पाणवनस्पती लावावयाच्या आणि नंतरच मासळीचा विचार करावयाचा, अशी ही पद्धत आहे. या कामात ढिवर स्त्रिया पुढे आहेत. अशा तलावांत देशी मासळी व पाखरे परतली आणि संस्थांचे उत्पन्नही वाढले. सरकारच्या गाळ काढण्याच्या योजनांपेक्षा ही गोष्ट निराळी आहे. यंत्र लावून सरसकट तळ खरवडला, तर पाणी अधिक साठते खरे, पण काठचा उथळ भाग नाहीसा होतो, आणि तलावाचे निम्मे जीवन त्या उथळ भागातच असते. गाळ काढावा, पण ढिवराला विचारून काढावा, असे आमचे मत आहे.

आता समाजातील एका मागणीविषयी. तलाव आपल्या पूर्वजांनी बांधले, सबब ते आपल्या समाजाच्या ताब्यात द्यावेत, असा ठराव मांडण्याची भाषा मधूनमधून ऐकू येते. आम्हांस ती मान्य नाही. पाळ बांधणारा, माती वाहणारा, जाळे टाकणारा व गुरे पाजणारा, या सर्वांचा तलाव होता, आणि म्हणूनच तो दोनशे-तीनशे वर्षे टिकला. एकाच समाजाच्या नावे तो चढविणे म्हणजे नव्याने मालगुजारी आणणे होय. शिवाय आज तलावाच्या वरच्या काठावर दरवर्षी एकेक तास आत सरकणारा नांगर कोणाचा असतो? पुष्कळ ठिकाणी तो आपल्याच भावकीचा असतो. तो मागे घेण्यास कोणत्याही ठरावाची व कोणत्याही खात्याच्या परवानगीची आवश्यकता नाही.

नावाविषयी मात्र आमचा आग्रह आहे. प्रत्येक तलावास गावचे असे एक जुने नाव असते. बांधणाऱ्याचे, देवाचे, झाडाचे किंवा एखाद्या घटनेचे. इंग्रजी अमलातील जमाबंदीच्या वेळी प्रत्येक गावाचा वाजिब-उल-अर्ज लिहिला गेला. तलावाचे पाणी कोणाच्या जमिनीस, कोणत्या क्रमाने, दुरुस्ती कोणी करावयाची, मासे व शिंगाडे कोणाचे, याच्या नोंदी त्यात सापडतात. जिल्ह्याच्या अभिलेखागारात रीतसर अर्ज करून व शुल्क भरून अशा जुन्या दप्तराची नक्कल मागता येते. दप्तर बहुधा मोडीत किंवा जुन्या उर्दूमिश्रित भाषेत असते, आणि ते वाचू शकणारी माणसे आता बोटांवर मोजण्याइतकी राहिली आहेत. समाजातील महाविद्यालयीन तरुणांनी आपापल्या गावची नक्कल काढावी. गावातील सर्वांत वृद्ध ढिवरास व गोंडास सोबत घेऊन तलावाचे जुने नाव, सांडव्याची जुनी पातळी व तुडुमाच्या भोकांची संख्या लिहून घ्यावी. ही टिपणे पुढील वर्षीच्या अंकासाठी दिवाळीपूर्वी संपादकांकडे पोहोचल्यास त्यांची तालुकावार मांडणी करून देण्याचे काम आम्ही स्वीकारू.